कोरड्या हापशाचं गोड पाणी

बदली होऊन मी त्या शाळेत हजर झाले तेव्हा शाळा उघडून आठ दिवस झाले होते. जिल्हा परिषदेची शाळा, आठवी ते दहावी. केजहून धारूरकडे जाताना काळीपिवळी जीप फाट्यावर उतरवायची आणि तिथून पुढं पायी. मी मराठी शिकवायला आले होते. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्यापुढं एक पत्र सरकवलं.

“मॅडम, हे बघा. रॅगिंग प्रतिबंध. समिती करायची, पोरांचे तास घ्यायचे, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. समितीच्या अध्यक्ष तुमी.”

“सर, मी आजच आले आहे.”

“म्हणूनच. बाकीच्यांना शाळा माहीत हाय. त्यांच्याच्यानं हे व्हायचं न्हाई.”

शाळा माहीत असली की काय अडतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. मी पत्र पर्समध्ये ठेवलं.

पत्रात पहिली अट होती की दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत सूचना रंगवावी. केजहून पेंटर आला, दुपारभर उन्हात उभा राहिला आणि लाल रंगात लिहून गेला: ‘रंगिंग करणे हा गुन्हा आहे.’ माझ्या लक्षात आलं तेव्हा रंग वाळला होता. मुख्याध्यापक म्हणाले, राहू द्या, भाव कळतोय. तिसऱ्या दिवशी एक आई डोक्यावरचा पदर सावरत ऑफिसात आली. रंगपंचमीला तिच्या पोरानं भिंतीवर रंग उडवला होता. त्याला आता पोलीस धरतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी स्वतः बाकावर चढून त्या ‘रं’वर चंद्र काढला. पण टिंब काही खोडता आलं नाही. त्यामुळं आमच्या शाळेत ‘रॅंगिंग’ हा गुन्हा आहे.

मग तास सुरू केले. आठवीत मी समजावून सांगितलं, की नवीन मुलं आली की मोठी मुलं गंमत म्हणून त्यांना काहीतरी करायला लावतात, नवीन मुलांना नाही म्हणता येत नाही, त्याला रॅगिंग म्हणतात. आठवीनं सगळं ऐकून घेतलं आणि नंतर सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं. नववीतल्या एका मुलानं विचारलं, “मारतेत का त्यात?” म्हटलं, कधी कधी. “मग आमच्यात न्हाई,” तो म्हणाला आणि वर्गानं एकमतानं मान हलवली.

दहावीत शेवटच्या बाकावर एक उंच मुलगी बसायची. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या बारीक ओरखड्यांच्या रेघा होत्या, उसाच्या पाचटानं उठतात तशा. ती उभी राहिली.

“मॅडम, हापशाचं पाणी पाजणं त्यात येतंय का?”

वर्गातून कुणीतरी ‘श्श’ केलं. मी विचारलं, हापशाचं पाणी म्हणजे काय?

“शाळंच्या मागं हापसा हाय. बंद हाय. नवीन आलेल्यानं शंभर बार हापसायचं. मग वंजळ धरायची, प्यायचं, न् म्हणायचं, गोड हाय.”

“पण पाणी येतं का त्याला?”

“न्हाई की.”

“मग पितात काय?”

“तेच प्यायचं,” ती म्हणाली. मला समजत नाही याचं तिला जरा वाईट वाटलेलं दिसलं. “खारं हाय म्हणलं तर परत शंभर. मचूळ म्हणलं तरी परत शंभर.”

“आणि पाणीच नाही म्हटलं तर?”

तिनं विचार केला. “तसं अजून कुणी म्हणलं न्हाई.”

“तू प्यायलीस?”

“तीनदा.”

पुढच्या बाकावरचा एक मुलगा मागं वळून सांगू लागला, “मॅडम, ती दरसाली आईबापासंगं ऊसतोडीला जाती. माघारी आली की परत नवीन धरतेत तिला.” त्यावर दुसरा म्हणाला की असा नियम नाही, नवीन म्हणजे हजेरीत नाव नवीन पाहिजे. तिसरा म्हणाला, “चार महिने गैरहजर म्हंजे नवीनच की बे.” मग संपूर्ण तास त्यावर गेला. ती मुलगी मधूनमधून जाणकारासारखं बोलत होती: पहिल्या खेपेला खांदे दुखतात, दुसऱ्या खेपेला नाही, जोर हातानं लावायचा नसतो, अंगानं दाबायचं असतं. घंटा होता होता एका मुलानं सुचवलं की ऊसतोडीहून येणाऱ्यांना पन्नासच हापसे ठेवावेत. हात वर झाले, सूचना मंजूर झाली. मी हे बंद करायला गेले होते आणि माझ्या देखत त्यात सुधारणा होऊन मी बाहेर आले.

स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा कुणालाच धक्का बसला नाही. गणिताचे सर हसून म्हणाले, “मीबी पिलो की.” शिपाईमामा पिले होते. मुख्याध्यापक हजर झाले त्याच शनिवारी पिले होते.

“सर, तुम्हीसुद्धा?”

“पोरं न्यायला आली, गेलो. म्हणलं गोड हाय. आपलं काय जातंय?” ते म्हणाले. “आन् ते रॅगिंग न्हाई मॅडम. त्यात कुणाला लागत न्हाई, कुणाचं काय जात न्हाई. पाणीसुद्धा जात न्हाई.”

विज्ञानाचे सर तेवढे खिडकीशी पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली न करता सांगितलं, “मी नाही प्यायलो. मी मुलांना भूजल पातळी समजावून सांगितली.”

“मग?”

“मग काय. सहा वर्षं झाली. मुलं मला अजून ‘नवीन सर’ म्हणतात.”

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मागं गेले. कडुलिंबाखाली हापशाचा ओटा झाडून स्वच्छ केलेला होता. आठवीची वीसेक पोरं रांगेत उभी होती, पहिल्या बाकावरची माझी चुणचुणीत मुलगीसुद्धा त्यात होती. दहावीची मुलं दोन्ही बाजूंना हात बांधून, मागं नववी बघायला. कुणी दांडगाई करत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. एखाद्या सरकारी शिबिरात लस टोचायला उभे असावेत तसे सगळे शांत होते. दांड्याजवळ ती ऊसतोडीची मुलगी होती.

मी मोठ्यानं म्हटलं, “थांबा. हे बंद.”

सगळे लगेच थांबले. मला इतक्या आज्ञाधारकपणाची सवय नव्हती. ती मुलगी जवळ आली.

“मॅडम, मी तीनदा पिले. पाजायचं साल माझं हेच हाय. पुढच्या साली मी शाळंत नसन.”

“म्हणून या लहान पोरांना पाजायचं?”

“मी लहानच व्हते की.”

तेवढ्यात दहावीचा एक मुलगा पुढं आला आणि अगदी अदबीनं, पाहुण्याला खुर्ची द्यावी तसं म्हणाला, “मॅडम, ह्यांच्या आदी तुमी प्या. तुमीबी नवीनच हात.”

आपण प्यायलो तर आजचा दिवस तरी ही पोरं सुटतील, असं मी मनाशी म्हटलं. तेव्हा मला ते कारण खरं वाटलं होतं. मी पदर खोचला आणि दांडा धरला. लोखंड तापलेलं होतं. दर हापशाला खालून असा आवाज यायचा की जमिनीत कुणाची तरी मान मुरगळते आहे. पोरं मोजत होती आणि सगळ्यांत मोठ्यानं आठवीची. साठाच्या पुढं माझे खांदे भरून आले. “अंगानं दाबा मॅडम, अंगानं,” ती मुलगी हळूच सांगत होती. शंभर झाले. मी वाकले, ओंजळ तोटीखाली धरली. गंजाचा वास आला. हातात काही नव्हतं. मी ओंजळ तोंडाला लावली.

“मॅडम, पाणी कसंय?”

साठ पोरं माझ्याकडं बघत होती. माझं वय सेहेचाळीस, बी.एड. झालेलं, रॅगिंग प्रतिबंध समितीची मी अध्यक्ष. पाणी नाही, एवढंच म्हणायचं होतं.

“गोड आहे,” मी म्हणाले.

टाळ्या वाजल्या. आठवीच्या पोरांनीही वाजवल्या; त्यांची पाळी पुढच्या शनिवारवर गेली. आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. काळीपिवळीत बसून केजला येईपर्यंत तळहातावरचे फोड मी कौतुकानं बघत होते. एकदा तर शेजारच्या बाईंना दाखवलेसुद्धा. स्टँडवर चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी नेमकं काय करून आले. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी नुसती साठ पोरांपुढं उभी होते. आठवीतलं तेरा वर्षांचं पोर तिथं काय म्हणेल? तो चहा मी तसाच ठेवला.

सोमवारी परिपाठात, प्रार्थना झाल्यावर, मी पुढं गेले. म्हटलं, “शनिवारी मी खोटं बोलले. पाणी आलं नव्हतं. गोड नव्हतं, खारं नव्हतं, पाणीच नव्हतं.”

आठवीच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि स्वतःच घाबरून गप्प झालं. मग दहावीच्या रांगेतून त्या मुलीचा आवाज आला. तिला माझी काळजी वाटत होती.

“मॅडम, तसं म्हणायचं नसतं. परत शंभर हापसावं लागंल.”

“मी नाही हापसणार.”

“मग तुमी नवीन मॅडमच राहताल.”

“राहीन.”

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या सरांनी त्यांच्या पुड्यातली दोन बिस्किटं माझ्यापुढं ठेवली.

यानंतर जे झालं ते माझ्या हुशारीनं झालं नाही. दहावीच्या मुलांनी आपसात बसून नियम बघितले आणि निष्कर्ष काढला की रांगेत सगळ्यांत पुढं मॅडम आहेत. त्यांचे शंभर बाकी आहेत. पुढच्याचं झाल्याशिवाय मागच्याला पाजता येत नाही. म्हणजे आठवी अडकली. दर शनिवारी एक मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन विचारायचा, “मॅडम, हापसताव का?” मी नाही म्हणायचे. तो “बरं” म्हणून जायचा आणि वीस पोरं घरी जायची.

असं महिनाभर चाललं. मग विस्तार अधिकारी आमचा उपक्रम बघायला आले. मुख्याध्यापकांनी परिपाठात त्यांची ओळख करून दिली: “साहेब तालुक्यात नवीनच आलेत.” ‘नवीन’ म्हणताच दहावीच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी आठवीच्या पोरांना साहेबांना दाखवायच्या नाटुकल्यासाठी दाढीमिशा लावण्यात गुंतले होते. एका मिशीला गोंद पुरत नव्हता, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “बावन्न! त्रेपन्न!”

मी धावत गेले. साहेब हापसत होते. खोचलेला शर्ट निम्मा बाहेर आला होता. विद्यार्थ्यांचा सहभाग बघून ते खूश होते. मी त्या मुलीच्या कानात म्हटलं, “अगं, रांगेत मी पुढं आहे ना?” ती म्हणाली, “साहेब पावणे हाईत. पावण्याला रांग नसती.” शंभर झाले. साहेबांनी ओंजळ धरली.

“साहेब, पाणी कसंय?”

त्यांनी रिकाम्या हातांकडं बघितलं. पोरांकडं बघितलं. मुख्याध्यापकांकडं बघितलं, तर ते कडुलिंबाच्या शेंड्याकडं बघत होते. मला ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, जसं माझ्याही चेहऱ्यावर कुणाला तरी दिसलं असेल.

“वा!” साहेब म्हणाले. “गोड आहे.”

टाळ्यांचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर गेला. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं: ‘रॅगिंग प्रतिबंध उपक्रम समाधानकारक. पिण्याच्या पाण्याची सोय उत्तम. पाणी चवीला गोड.’

पंधरा दिवसांनी शाळेनं आधी पाठवलेला बोअरचा प्रस्ताव परत आला. सोबत पत्र: शाळेत मुबलक पाणी उपलब्ध असल्याचे शेरेबुकावरून दिसते. मुख्याध्यापकांनी साहेबांना फोन लावला. मी समोरच होते. पलीकडचा आवाज ऐकू येत होता: “अहो, मी स्वतः प्यायलोय. फोटो आहे. आता नाही कसं म्हणू?”

फोन ठेवून मुख्याध्यापकांनी ते पत्र पेपरवेटखाली सरकवलं. “मॅडम,” ते म्हणाले, “हे बंद केलं पायजे.”

पाणी नाही हे सिद्ध करायला पंचनामा ठरला. ग्रामसेवक वही घेऊन आले. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आले. त्यांचं देवळाजवळ किराणा दुकान होतं आणि ते याच शाळेत शिकलेले. शिपाईमामा होते आणि एका विद्यार्थ्याचे वडील होते. ते मेंढरं वळणारे. मेंढरं फाट्याजवळ बसवून घाईनं आले होते. शाळेच्या सगळ्या खिडक्यांत पोरं होती. हापसायचं काम मेंढपाळाकडं आलं, कारण त्यांच्या अंगात जोर होता. पोरांनी सवयीनं मोजलं. शंभर झाले आणि अध्यक्ष आपसूक पुढं झाले, वाकले, ओंजळ धरली, तोंडाला लावली.

“गोड हाय,” ते म्हणाले.

ग्रामसेवकांनी ते लिहून घेतलं. मग पेन थांबला. “अध्यक्ष, काय लिहू नक्की?”

अध्यक्ष तसेच वाकलेले होते. सावकाश सरळ झाले. स्वतःच्या कोरड्या तळहातांकडं त्यांनी असं बघितलं, जणू तिथं कुणी दुसऱ्याचेच हात आणून लावले होते.

“न्हाई,” ते म्हणाले. “खोडा ते. पाणी न्हाई.” मग ओट्यावर बसले. “मी आठवीत व्हतो तवाबी न्हवतं.”

ते आपणहून सांगू लागले. “माझा धाकटा भाऊ आठवीत आला तवा मी दहावीत. म्याच उभं केलतं त्याला हितं. त्यो म्हणला, पाणी न्हाई दादा. म्हणलं, परत हापस. परत म्हणला, न्हाई. आमी त्याला तीनशे हापसाया लावलं. सोमवारपून शाळंला आलाच न्हाई. आता दुकानात माझ्याच शेजारी बसतोय. इतकी वर्सं झाली, ह्या गोष्टीचा शबूद न्हाई दोघांत.”

ग्रामसेवकांनी घसा साफ केला. “हे पण लिहायचं का?”

“लिवा,” अध्यक्ष म्हणाले.

पंचनाम्यात ते आहे. मी वाचलं आहे. मुख्याध्यापकांची धरून खाली पाच सह्या आहेत.

हापशाचा दांडा काढून न्यायचं ठरलं. न्यायला कुणी आलं नाही. पण परत कुणी माझ्या दारात शनिवारचं विचारायला आलं नाही. मला वाटलं, झालं. तर आठवडाभरानं नववीचा अर्ज आला. रेघा मारलेल्या कागदावर, विषय घालून: ‘आम्ही मागील वर्षी हापशाचे पाणी पिलो आहोत. आता हापसा बंद केल्याने आम्हाला पाजण्याची संधी मिळणार नाही. आमचे नुकसान झाले आहे. तरी योग्य तो निर्णय व्हावा ही नम्र विनंती.’ खाली सगळ्या वर्गाच्या सह्या. मुख्याध्यापकांनी आवक शिक्का मारून अर्ज समितीच्या अध्यक्षांकडं, म्हणजे माझ्याकडं पाठवला.

मी तो अर्ज घेऊन नववीत गेले. पर्समधलं पत्र नेलं नाही. म्हटलं, नुकसान झालंय हे मला मान्य आहे. ते भरून कसं द्यायचं ते तुम्ही सांगा. सलग दोन तास आम्ही बोललो. त्या दोन तासांत तीन मुलांनी पहिल्यांदा सांगितलं की त्या शनिवारी घरी जाऊन ते रडले होते. एकानं सांगितलं की तो रडला नव्हता, पण चार दिवस त्याला पाणी पिताना कसंतरी व्हायचं. मागच्या बाकावरून सूचना आली की निदान तसा दाखला तरी द्यावा.

मुख्याध्यापकांनी दाखले दिले. शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून: ‘सदर विद्यार्थ्याने हापशाचे पाणी प्यायले असून यापुढे त्यास ते प्यावे अगर कोणास पाजावे लागणार नाही.’ हसू नका, पोरांनी ते दाखले केजला जाऊन लॅमिनेट करून आणले. दहावीची ती मुलगी म्हणाली, मला तीन पाहिजेत. तिला तीन दिले, तीन वेगवेगळे जावक क्रमांक टाकून. गणिताच्या सरांनीही एक मागून घेतला. माझा मात्र निघाला नाही. मी खोटं कबूल करून ते प्यायलेलं रद्द केलं होतं, असं दहावीचं म्हणणं पडलं आणि ते खोडून काढायला माझ्याकडं मुद्दा नव्हता.

दिवाळीनंतर दहावीतल्या त्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर गेले. ती दहावीचं वर्ष म्हणून गावातच आत्याकडं राहिली. त्याच सुमारास आठवीत एक नवीन मुलगी आली. मेंढरांबरोबर फिरून आलेलं घर, अंगावर घोंगडीचा वास, दप्तर म्हणून खताची धुतलेली पिशवी. मधल्या सुट्टीत मी पाहिलं, तर आमची दहावीची मुलगी तिचा हात धरून तिला शाळेच्या मागं नेत होती.

मी निघाले तेवढ्यात दांड्याचा आवाज सुरू झाला. कोपऱ्यावरून वळले तर चिमुरडी जेमतेम आठ-दहा हापसे मारून थांबली होती.

“वंजळ धर,” मोठीनं सांगितलं. लहानीनं धरली. “पाणी आलं का?”

लहानीनं तोटीकडं बघितलं, मग हातांकडं.

“न्हाई.”

मी जागेवरच थांबले. मोठीनं तिच्या ओंजळीत एकदा बघितलं. “बरं,” ती म्हणाली. “चल, वर्ग दावते तुला.”

नंतर व्हरांड्यात मी तिला गाठलं आणि विचारलं, “मिळालं का तुझं पाजायचं साल?”

“मिळालं की,” ती म्हणाली. मग खांदे उडवले. “पण काय मजा न्हाई आली मॅडम.”

तेवढ्यात घंटा झाली. तिची भूमितीची चाचणी होती आणि कंपास कुणीतरी नेला होता, म्हणून ती वर्गाकडं पळाली.